माघारीची वैरण

रॉकेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो जाळ. धुराचे लोट, कानठळ्या बसवणारा आवाज, उलटी मोजणी आणि मग टाळ्यांचा कडकडाट! पण ज्याला रॉकेट बांधायचे असते त्याचा बहुतेक वेळ जाळाच्या नव्हे, तराजूच्या संगतीत जातो. बरोबर काय न्यायचे, किती न्यायचे आणि मागे काय ठेवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे सापडली की रॉकेट जवळजवळ तयार झालेच म्हणून समजावे. आणि हे तीन प्रश्न काही एकट्या शास्त्रज्ञांच्या मालकीचे नाहीत. आमच्या घरी ते दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास विचारले जात आले आहेत.

मी द्वितीय वर्ष कला शाखेचा, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. कला शाखेच्या मुलाने रॉकेटवर लिहिणे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! माझा रॉकेटांशी संबंध आला तो एका खेळामुळे. सदाशिव पेठेत आम्ही तिघे जण कॉट बेसिसवर राहतो. त्यांतला एक अभियांत्रिकीला आहे. त्याच्या लॅपटॉपवर ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा खेळ आहे. रात्री अकरानंतर तो झोपला की लॅपटॉप माझ्या ताब्यात येतो.

हा खेळ मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने २०११ साली लोकांपुढे आणला आणि २०१५ साली तो पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, पळापळ नाही. कर्बिन नावाचा एक ग्रह आहे. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडी कमी. त्यावर हिरव्या रंगाचे, बटबटीत डोळ्यांचे, बुटके कर्बल लोक राहतात. त्यांना आकाशात जायची भारी हौस. इंजिने, टाक्या, पंख, छत्र्या असे सुटे भाग समोर मांडलेले असतात. ते जोडून आपण यान उभे करायचे आणि सोडायचे. ग्रह खोटे, माणसे खोटी. पण गुरुत्वाकर्षण मात्र अस्सल! तिथे कोणाचा वशिला चालत नाही. वजनाचा आणि वेगाचा हिशोब जुळला तर यान ड्यूना नावाच्या तांबड्या ग्रहावर पोचते. हा ड्यूना म्हणजे त्या जगातला मंगळच.

खेळायला बसणारा प्रत्येक जण आरंभी एकच गोष्ट करतो : लांब जायचे आहे ना, मग टाक्या वाढवा! हा विचार इतका सरळ वाटतो की त्यात काही खोट असेल अशी शंकाच येत नाही. मी मात्र अर्थशास्त्राच्या सवयीने वही घेऊन बसलो आणि एक कोष्टक मांडले. दोन टनांचे यान, अर्ध्या टनाचे ‘टेरिअर’ नावाचे इंजिन, आणि प्रत्येक टाकी भरलेली सव्वादोन टन, रिकामी पाव टन. एका टाकीवर या यानाला मोकळ्या आकाशात आपला वेग सेकंदाला सुमारे १,८५० मीटरने बदलता येतो. दुसरी टाकी जोडली की हा आकडा २,८७० होतो. म्हणजे वाढ १,०२०. तिसरी जोडली की ३,५४०, वाढ ६७०. चौथीला ४,०३०, वाढ जेमतेम ४९०. टाकी तीच, इंधन तेवढेच, आणि फळ मात्र दर वेळी कमी! बारावीच्या पुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवताना आंब्याचे नाही तर पोळीचे उदाहरण देतात. पहिल्या पोळीचे समाधान चौथीला नसते. मला तो सिद्धांत खऱ्या अर्थाने कळला तो या टाक्यांपाशी.

असे का व्हावे? याचे उत्तर १९०३ साली रशियातल्या काळुगा गावच्या एका शाळामास्तराने छापून ठेवले आहे. त्यांचे नाव कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की. लहानपणी स्कार्लेट फीव्हरच्या तापाने त्यांची श्रवणशक्ती गेली. त्यामुळे शाळा सुटली, आणि पुढचे सारे शिक्षण त्यांनी मॉस्कोच्या वाचनालयात बसून आपले आपणच केले. कॉलेजची पायरी न चढलेल्या या माणसाचे समीकरण आज जगातल्या प्रत्येक रॉकेटाला मानावे लागते. ते असे सांगते की यानाला किती वेग मिळेल हे दोनच गोष्टींवर ठरते. एक, इंजिनातून वायू किती वेगाने बाहेर पडतो. आणि दोन, भरलेल्या यानाचे वजन रिकाम्याच्या किती पट आहे. त्यातही ही पट सरळ हिशोबात येत नाही, तिचा लॉगॅरिथम घ्यावा लागतो. वेग दुप्पट हवा असेल तर वजनाची पट दुप्पट करून भागत नाही. तिचा वर्ग करावा लागतो. लॉगॅरिथमशी माझी दहावीनंतर गाठ पडली नव्हती. पण हे समीकरण मला ज्यांनी समजावून दिले ते शाळेत चौथीपर्यंतच गेलेले आहेत.

आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात. आई आणि आण्णा ऊसतोडीला जातात. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीसुद्धा हत्याराच्या नावाने! हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि पाच-सहा महिने तोड करून ती फेडायची. अलीकडे बैल, गाड्या आणि माणसे ट्रकमध्ये घालून नेतात. पण माझ्या आजोबांच्या वेळी सारा प्रवास गाडीनेच व्हायचा. सात-आठ दिवस रस्त्यावर. आण्णा तेव्हा पोरगे होते. ते दिवस त्यांना लख्ख आठवतात.

एका रविवारी फोनवर मी त्यांना टाक्यांचे कोडे सांगितले. रॉकेट काय, टाकी काय, ते मी माझ्या परीने सांगत होतो. मला मध्येच थांबवून ते म्हणाले,

“म्हंजी कडब्याचं वझं वढायला पुन्ना कडबाच लागतो, म्हन की!”

मी गप्पच झालो. मग त्यांनी सगळे उलगडून सांगितले. बैलजोडीला दिवसाला दहा-बारा पेंढ्या लागायच्या. वाटेत वैरण मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून आठ दिवसांची वैरण गाडीतच घालायची. पण वैरण घातली की गाडी जड होते. गाडी जड झाली की बैल दमतात, हळू चालतात, एखादा दिवस वाढतो. दिवस वाढला की आणखी वैरण! “आन् वैरनीनंच गाडी भरली, तर भांडीकुंडी आन् जवारी कुठं घालावी?” त्सिओल्कोव्हस्कींचे समीकरण याहून वेगळे काय सांगते? रॉकेटही आपलीच वैरण आपणच ओढत असते.

इंजिनाचेही तेच. खेळात ‘नर्व्ह’ नावाचे एक अणुशक्तीवर चालणारे इंजिन आहे. इंधनाच्या काटकसरीत ते टेरिअरच्या दुपटीहून सरस. पण त्याचे स्वतःचे वजन तीन टन, म्हणजे टेरिअरच्या सहापट. तेव्हा चांगले कोणते? मी दोन्ही जोडून पाहिली. पूर्वीचेच दोन टनांचे यान, आणि सारे मिळून वजन सातेक टन भरेल इतकीच बेगमी : तर टेरिअर २,८७० पर्यंत जाते आणि नर्व्ह २,५३० वरच थांबते. पण वजन चौदा टनांवर गेले की पारडे फिरते. टेरिअर ४,४०० आणि नर्व्ह थेट ६,६५०! जवळच्या वाटेला हलके इंजिन बरे, लांबच्या वाटेला जड पण कमी खाणारे. ‘कार्यक्षम’ हा शब्द आपण एखाद्या वस्तूच्या अंगावर बिल्ल्यासारखा लावतो. तो खरे म्हणजे वस्तूला लावायचा नसून प्रवासाला लावायचा असतो. कुठे जायचे ते ठरल्याशिवाय कार्यक्षम कोण, हे सांगताच येत नाही.

या विचाराने मी खेळातून बाहेर पडून खऱ्या मंगळाकडे वळलो. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी दुपारी श्रीहरिकोट्याहून उडाले तेव्हा मी गावच्या प्राथमिक शाळेत होतो. त्याची खरी गंमत मला आत्ता, वजने मांडल्यावर कळली. मंगळाकडे जायला खरे तर मोठे रॉकेट हवे होते. पण आपल्या मोठ्या जीएसएलव्ही रॉकेटाची २०१० सालची दोन्ही उड्डाणे फसली होती आणि ते पुन्हा सज्ज व्हायचे होते. दुसरीकडे मंगळाची वेळ टळत होती. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येण्याचा योग सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदाच येतो. शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पाऊस झाला म्हणून लगेच पेरता येत नाही आणि फार थांबूनही चालत नाही. वापसा यावा लागतो, आणि आला की त्याच दोन-चार दिवसांत चाड्यावर मूठ धरावी लागते. मंगळाचा वापसा नोव्हेंबर २०१३ मध्ये आला होता. तेव्हा हाताशी होते त्या छोट्या पीएसएलव्हीवरच काम भागवायचे ठरले.

हे पीएसएलव्ही म्हणजे सुमारे ३२० टनांचे, चार टप्प्यांचे रॉकेट. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात घन इंधन, दुसऱ्या आणि चौथ्यात द्रव. त्यातल्या घन इंधनाशी पुण्याचे नाते आहे. वसंत गोवारीकर १९३३ साली पुण्यातच जन्मले. इंग्लंडातले चांगले चाललेले काम सोडून १९६७ साली ते थुंब्याला आले, आणि घन इंधन देशातच तयार करण्याच्या कामाचे त्यांनी नेतृत्व केले. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. मंगळयान पोचल्यावर शंभर दिवसांनी. दुसरे नाते इंदापूर तालुक्याचे. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचे बनत आली आहेत. त्याच तालुक्यातल्या फडांत आई-आण्णांनी कितीतरी हंगाम ऊस तोडला. एकाच शिवारातून एकीकडे उसाच्या मोळ्या निघत आणि दुसरीकडे रॉकेटाची कवचे, हे ऐकल्यावर आण्णा एवढेच म्हणाले, “मोठमोठे टेलर जाताना बघितलेत खरं. आत काय हाये, कुनी सांगितलं न्हाई.”

पीएसएलव्हीने मंगळयानाला थेट मंगळाच्या वाटेला लावले नाही; तेवढे त्याचे बळच नव्हते. त्याने यान पृथ्वीभोवतीच्या एका लांबट कक्षेत सोडले. या कक्षेचे पृथ्वीजवळचे टोक सुमारे २५० किलोमीटरवर आणि दूरचे सुमारे साडेतेवीस हजार किलोमीटरवर होते. पुढचे काम यानावरच्या इवल्याशा इंजिनाचे. त्याचा जोर ४४० न्यूटन, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत सांगायचे तर पंचेचाळीस किलोचे पोते कसेबसे तोलून धरण्याइतका! एवढ्या जोरावर मंगळ गाठायचा कसा?

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका ज्याने चढवला आहे त्याला हे उत्तर ठाऊक आहे. झोका एका दमात उंच जात नाही. तो खाली येऊन सर्वांत वेगात असतो तेव्हा रेटा द्यायचा; मग तो दर खेपेला अधिकाधिक वर जातो. मंगळयान दर फेरीत पृथ्वीजवळ येई, तेव्हा इंजिन थोडा वेळ चालवायचे. दूरचे टोक आणखी दूर जाई. ७ नोव्हेंबरपासून १६ नोव्हेंबरपर्यंत असे रेटे देत ते टोक १,९२,००० किलोमीटरच्या पलीकडे नेले. मधल्या ११ तारखेच्या रेट्यात ठरलेल्या १३० मीटरऐवजी अवघा ३५ मीटरचा वेग मिळाला. तो १२ तारखेला जादा रेटा देऊन भरून काढला. १ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, शेवटचा बावीस मिनिटांचा रेटा बसला आणि झोक्याची दोरी सुटली. पुढे जवळजवळ तीनशे दिवस मुख्य इंजिन झोपून होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी त्याला चार सेकंद चालवून पाहिले, आणि २४ तारखेला मंगळापाशी ते सुमारे तेवीस मिनिटे चालले. पहिल्याच प्रयत्नात आपण मंगळाच्या कक्षेत पोचलो.

आता वजने पाहा. उडताना रॉकेट ३२० टन. त्यातून मंगळाच्या वाटेला लागणारे यान १,३३७ किलोचे. त्यात ८५२ किलो इंधन. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती शास्त्रीय उपकरणे पाच. सगळी मिळून पंधरा किलो! बाकीचे जवळजवळ सारे त्या पंधरा किलोंना तिथवर नेण्यासाठी जळले नाही तर गळून पडले.

हा आकडा वहीत लिहिला त्या रात्री मला पुढे खेळता आले नाही. एका घरात दोन माणसे सहा महिने वाकून ऊस तोडतात, आणि त्यातून एक मुलगा पुण्याला कॉट बेसिसवर राहून द्वितीय वर्षाला बसतो, हा हिशोब फार वेगळा नव्हता. ‘उचल’ या शब्दाकडेही मी तेव्हा प्रथमच नीट पाहिले. जी वर उचलते तीही उचल, आणि जी डोक्यावर कर्ज होऊन बसते तीही उचलच. टप्पे गळून पडतात, हे रॉकेटाच्या बाबतीत शहाणपणाचेच आहे. रिकाम्या टाकीचे वजन पुढे ओढण्यात अर्थ नसतो. पण टाकी गळून पडते म्हणून तिने दिलेला वेग गळून पडत नाही. वरच्या यानाच्या अंगात तो तसाच राहतो. हे भौतिकशास्त्र आहे. माझी भावना नव्हे.

पुण्यात आल्यापासून मला काही गोष्टी टाकून द्यायचे सल्ले मिळत आले आहेत. माझ्या बोलण्यातला ‘हाये’ टाकून दे. ‘वैरण’, ‘वझं’ हे शब्द मुलाखतीत चालत नाहीत. सल्ला देणारी माणसे चांगली आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे. प्रमाणभाषा मी शिकलो, हा लेख तिच्यातच लिहितो आहे. पण ज्या शब्दांनी मला त्सिओल्कोव्हस्की समजला ते शब्द मी रिकामी टाकी कसे समजू? ते तर माझे इंधन निघाले.

मंगळयानाची सारी हकिगत मी आण्णांना सांगितली. त्यांना झोका आवडला, वापसा तर फारच आवडला. मग थोडा वेळ थांबून ते म्हणाले,

“समदं झालं. पर माघारी यायचं कसं, ते न्हाई सांगितलंस.”

“आण्णा, ते यान माघारी यायचं नसतंच.”

“मग त्यात मानूस न्हाई बसवला, ते बरं केलं.”

मंगळयानाला माघारी यायचे नव्हते. सहा महिन्यांसाठी पाठवलेले ते यान काटकसरीने सुमारे आठ वर्षे टिकले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. आता ते मंगळापाशीच राहिले. सगळ्या हिशोबात ते इतके स्वस्त बसले, त्याचे एक कारण हेही आहे की त्याने परतीची वैरण नेली नाही.

परतीची वैरण हे काय प्रकरण आहे ते समीकरणातच पाहावे. जाण्यासाठी यानाचे वजन तिप्पट करावे लागत असेल, तर तेवढाच वेग परतीसाठी खर्चायला ते सहापट नव्हे, नऊपट करावे लागते. कारण परतीचे इंधन जाताना आधी तिथवर वाहून न्यावे लागते. १९६९ साली माणूस चंद्रावर गेला तेव्हाचे सॅटर्न रॉकेट सुमारे तीन हजार टनांचे होते आणि समुद्रात माघारी येऊन पडलेली कुपी जेमतेम पाच टनांची. तीही एवढ्यात जमली ती एका युक्तीमुळे. जॉन हुबोल्ट नावाच्या अभियंत्याने हट्टाने मांडले होते की परतीचे इंधन चंद्राच्या जमिनीवर उतरवूच नका. ते वर, चंद्राच्या कक्षेत ठेवा. छोटी होडी घेऊन खाली जा आणि परत वर या. १९६२ साली नासाने ते मान्य केले. म्हणून आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले तेव्हा मायकेल कॉलिन्स वरच घिरट्या घालत राहिले. त्यांचे पाऊल चंद्राला लागले नाही. पण परतीची वैरण त्यांच्यापाशी होती.

हे वाचताना मला आजीची आठवण झाली. आई-आण्णा फडावर जात तेव्हा त्यांनी मला बरोबर नेले नाही. गाडीत भांडी, ज्वारी, दोन कोंबड्या, गोधड्या असत, मी नसे. मला शाळेसाठी मागे ठेवलेले असे. आजी उंबऱ्यात बसून घर, शेळी आणि मी असे तिन्ही सांभाळी. तिने कधी कारखाना पाहिला नाही. पण पाडव्याच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडला की सगळे जिथे माघारी येत ते घर तिने उघडे ठेवलेले असे. मला मागे ठेवले याचे लहानपणी वाईट वाटे. आता कळते की गाडीत काय घालायचे याचा आईने केलेला तो सर्वांत अवघड हिशोब होता.

गावात एक बोलणे मी लहानपणापासून ऐकतो : शिकलेले पोर माघारी येत नाही. ते अगदीच खोटे नाही. एकेरी प्रवास नेहमीच स्वस्त पडतो. पुण्यात नोकरी, पुण्यात खोली, मग हप्त्यावरचा फ्लॅट. त्यासाठी काय काय मागे टाकायचे याची यादीही तयारच असते. आणि आपल्या भाषेत एक घोटाळाही आहे. ‘माघार घेणे’ म्हणजे हरणे. त्यामुळे ‘माघारी येणे’ हेही अनेकांना हरल्यासारखेच वाटते. पण घेतलेली माघार वेगळी आणि माघारी येणे वेगळे. पहिलीला बळ लागत नाही; दुसऱ्याला जाण्याहून जास्त लागते. गोवारीकर इंग्लंडाहून माघारी आले, त्याला कोणी माघार म्हणेल काय?

याच संदर्भात मला आपल्या चांद्रयान-३ ची एक गोष्ट फार मोलाची वाटते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम चंद्रावर उतरले. तो दिवस सर्वांना ठाऊक आहे. पण विक्रमला चंद्रापर्यंत नेणारा जो भाग कक्षेतच राहिला होता, त्याचे पुढे काय झाले? जाताना कक्षा इतक्या नेमक्या साधल्या होत्या की त्याच्यापाशी शंभर किलोहून अधिक इंधन उरले. त्याला माघारी आणायचे असे आरंभी ठरलेले नव्हते. उरलेल्या इंधनावर त्याला चंद्राच्या कक्षेतून काढून पुन्हा पृथ्वीच्या कक्षेत आणले गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये इस्रोने ते जाहीर केले. काटकसर म्हणजे कंजूषपणा असे मला पूर्वी वाटे. काटकसर म्हणजे माघारी यायला काहीतरी उरवणे, हा अर्थ या यानाने मला दिला.

मी सध्या खेळात एक मोहीम रचली आहे. ड्यूनावर एक कर्बल उतरवायचा आणि त्याला सुखरूप घरी आणायचे. एकेरी यानाच्या कितीतरी पट वजन झाले. खोलीमित्र म्हणाला, “त्याला तिथंच ठेव ना, हिरवं खोटं माणूस आहे ते!” पण वहीच्या पहिल्याच ओळीत मी परतीचे इंधन लिहिले आणि मग बाकीचे यान त्याभोवती बांधले. नर्व्ह इंजिन घेतले, कारण वाट लांबची. परतीच्या टाक्या वर कक्षेत ठेवल्या आणि खाली फक्त छोटी होडी नेली.

असे यान रचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिच्याबद्दल आण्णांशी अजून बोलायचे आहे. परत निघायचे ते आपण सोडून आलो त्या जागी नव्हे. घरचा ग्रहही मधल्या काळात फिरत असतो. मंगळावर गेलेल्याला कमी इंधनात परतायचे असेल तर तिथे सुमारे सव्वा वर्ष थांबावे लागेल. आणि मग पृथ्वी जिथे आहे तिकडे नव्हे, तर ती पुढे जिथे येणार आहे तिकडे नेम धरावा लागेल. आमचे घर तर सहा महिने पाटोद्याच्या बाजूला आणि सहा महिने उसाच्या फडावरच्या कोपीत. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. आता दिवाळीनंतर गावच्या घराला कुलूप असते. माघारी जायचे म्हणजे कुठे, हा प्रश्न मला खराखुरा पडतो. तीन वर्षांनी आण्णांच्या हातात कोयता असेल का, गावात मी काय काम करू शकेन, माझ्या शिक्षणाचा तिथे काय उपयोग. नेम या सगळ्याचा अंदाज घेऊन धरायचा आहे. पदवीनंतर काय करणार हे माझे आज ठरलेले नाही. ठरले आहे ते एवढेच की हिशोब एकेरी मांडायचा नाही.

परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये आहे. कारखान्याचा पट्टाही त्याच सुमारास पडेल. माझे यान या घडीला ड्यूनाभोवती घिरट्या घालते आहे. कर्बल खाली उतरून, निशाण रोवून वर आला आहे. टाक्यांत इंधन पुरेसे आहे. घरचा ग्रह योग्य जागी यायला मात्र अजून अवकाश आहे.